बातमी कुणाची, साक्ष कुणाची?

(भिवंडी येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



या गावच्या यंत्रमाग कारखान्यांत मराठी, उर्दू, तेलुगू व हिंदी बोलणारे कामगार शेजारी शेजारी उभे राहतात, आणि एकाच घटनेच्या निरनिराळ्या हकिकती त्यांच्या कानी पडतात. म्हणून बातमीची पारख हा येथे जीविताचा प्रश्न आहे.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली. ७८ माणसे मेली. त्यांत ५९ मुसलमान व १७ हिंदू होते, दोघांची ओळखही पटली नाही. त्यानंतर नेमलेल्या न्या. मादन आयोगाने जे नोंदवले ते प्रत्येक वृत्तपत्रवाचकाने ध्यानी ठेवण्याजोगे आहे. मिरवणुकीतील लोकांचे हेतुपुरस्सर चिथावणीखोर वर्तन हे दंगलीचे निकटचे कारण ठरवण्यात आले. पोलिसांच्या खास तपास पथकाने मुसलमानांना गोवण्याचा व हिंदूंना सोडवण्याचा पद्धतशीर खटाटोप केला, हेही आयोगाने स्पष्ट केले. आता विचार करा: ‘पोलीस सूत्रांकडून समजते’ असे लिहिणारा बातमीदार स्वतः कितीही प्रामाणिक असला, तरी ज्या विहिरीचे पाणी तो भरतो तीच गढूळ असेल तर? अधिकृत म्हणजे निःपक्षपाती नव्हे. आयोगाला शपथपत्रे होती, उलटतपासणी होती, काही वर्षांचा अवधी होता. कार्यकर्त्याच्या हाती फार तर अर्धा तास असतो.

१९८४च्या मे महिन्यात गाव पुन्हा पेटले. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभारल्या (पोलीस अधिकाऱ्याची स्तुती आमच्या तोंडी सहसा येत नाही, पण खरे ते सांगितले पाहिजे). हिंदू-मुसलमान रहिवासी एकत्र बसू लागले. अफवा आली की पलीकडच्या मोहल्ल्यातील ओळखीच्या माणसाला विचारता येऊ लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली.

आज अफवा मोबाईलवरून येते. प्रत्यक्ष कोणी पाहिले, हा प्रश्न मात्र जुनाच आहे. ‘दगडफेक झाली’ या वाक्यात कर्ता का नाही, हेही विचारा. आणि ही कसोटी आपल्या साप्ताहिकालाही लावा. मागांचा खडखडाट ऐकू येत असताना ‘संप शंभर टक्के यशस्वी’ असे छापणारे आपल्यातही निघतात!

उद्या सकाळच्या चहाला मराठी व उर्दू दैनिके शेजारी ठेवून एकच बातमी वाचू. ज्यांना उर्दू येते त्यांनी मोठ्याने वाचावे.