संक्रांतीचा तिळगूळ आणि ॲलर्जी असलेलीं मुलें

जानेवारीच्या मध्यास येणारा संक्रांतीचा सण हा महाराष्ट्रांत तोंड गोड करण्याचा सण होय. तिळगुळाची देवघेव पुढें रथसप्तमीपर्यंत चालते. हातावर ठेवलेला तिळगूळ नाकारणें म्हणजे देणाऱ्याचा स्नेह नाकारणें, असा शिष्टाचार आहे. परंतु ज्या मुलाला तिळाची किंवा भुईमुगाची ॲलर्जी आहे, त्याच्यापुढें हा शिष्टाचारच संकट होऊन उभा राहतो.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं योजिला. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी अन्नांतील प्रथिनाला शत्रु समजून त्यावर तुटून पडते, हें या विकाराचें मूळ. तेव्हां तो नावडीचा किंवा लाडाचा प्रकार नव्हे. तीळ भाजले किंवा गुळाच्या पाकांत घोटले, तरी त्यांचा हा दोष जात नाहीं. आणि ‘एवढ्याशा कणानें काय होतें?’ हा प्रेमळ आग्रह कांहीं मुलांच्या जिवावर बेतूं शकतो.

तीळ केवळ लाडवांत नसतो. भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर तो असतो, गुळाच्या पोळीच्या सारणांत असतो आणि हलव्याच्या दाण्याच्या पोटांतहि असतो. त्याच हलव्याचे दागिने तान्ह्या बाळाच्या अंगावर चढतात व सहजच त्याच्या तोंडांत जातात. बोरन्हाणाच्या वेळीं चुरमुरे, बोरें, हलवा व भुईमुगाच्या शेंगा उधळल्या जातात आणि जमलेलीं मुलें तें वेचून खातात. म्हणून आमंत्रण देतांनाच पाहुण्या मुलांच्या आयांना पथ्य विचारून ठेवावें. भुईमुगाचे अख्खे दाणे लहान मुलाच्या घशांत अडकण्याचें भय आहे, तें निराळेंच.

बाजारच्या मिठाईबाबत अधिक जपलें पाहिजे. भारतांत २०२० सालीं झालेल्या वेष्टनविषयक नियमांत भुईमूग, दूध, सोयाबीन इत्यादींची ॲलर्जीच्या दृष्टीनें स्वतंत्र सूचना देणें सक्तीचें झालें. त्या यादींत तीळ नव्हता. अमेरिकेंत मात्र १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला. यास्तव केवळ सूचनेवर विसंबून न राहतां घटकांची सबंध यादी वाचावी.

घरीं साबुदाण्याचा हलवा करतां येतो. त्याचे दागिनेहि होतात. मात्र त्याची कढई, झारा व परात निराळीं असावींत. मुलाला काय वर्ज्य आहे हें वैद्यकीय तपासणीनें ठरवावें. नुसत्या तर्कानें त्याचें अन्न तोडूं नये.

अमेरिकेंत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीनच्या सणांत मुलें दारोदार मिठाई मागत फिरतात. तेथें टेनेसी राज्यांत २०१२ सालीं दाराशीं निळसर हिरवा भोपळा ठेवण्याची चाल सुरू झाली व २०१४ पासून ती देशभर पसरली. या घरीं खाऊशिवाय दुसरी भेटहि मिळेल, अशी ती खूण. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाहीं. हळदीकुंकवाला सुवासिनी वाण लुटतातच. मग तिळगुळाच्या डब्याशेजारीं मुलांसाठीं पेन्सिली, भोंवरे, रंगीत खडू यांचें वाण कां नसावें? मात्र तें सर्वच मुलांपुढें धरावें, म्हणजे एकच मूल वेगळें पडत नाहीं.

इतकें करूनहि चुकून घांस पोटांत गेलाच, तर बहुधा कांहीं मिनिटांत, क्वचित् दोन तासांपर्यंत, लक्षणें दिसतात. अंगावर गांधी उठल्या म्हणजे कोकम चोळीत बसण्याची रीत आहे. परंतु ओठ किंवा जीभ सुजणें, आवाज बसणें, धाप लागणें, वारंवार उलट्या होणें, ग्लानि येणें यांपैकीं कांहीं दिसल्यास क्षणहि दवडूं नये. अशा वेळीं खरा उपाय ॲड्रेनलिनचें इंजेक्शन. तें मांडीच्या बाहेरच्या बाजूस देतात. ॲलर्जीच्या गोळ्या त्याची जागा घेऊं शकत नाहींत. डॉक्टरांनीं तें घरीं ठेवण्यास सांगितलें असेल, तर लगेच द्यावें आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुलाला चालवूं नये, निजवून ठेवावें. धाप लागली असेल तर बसूं द्यावें.

‘मला तीळ चालत नाहीं’ हें वाक्य अशा मुलाला लहानपणींच शिकवावें. तें ऐकून मोठ्यांनीं हात मागें घ्यावा आणि गोड बोलावें. सणाचा हेतु तेवढ्यानेंहि साधतो.