एक मोहीम, तीन लेखण्या
(तासगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आपल्या गणपतीचे सात मजली गोपुर दुरून दिसू लागले की परगावच्या माणसाला क्षणभर आपण दक्षिणेत आलो की काय, असा संभ्रम पडतो. परशुरामभाऊ पटवर्धनांची उमेदीची वर्षे कर्नाटकातील स्वाऱ्यांत गेली. तिकडची मंदिरे त्यांच्या मनात भरली आणि तासगावात हे गोपुर उभे राहिले. त्याच भाऊंच्या १७९० ते ९२ मधील टिपूवरील मोहिमेविषयी आज बोलावयाचे आहे. मोहीम एकच, तिच्याविषयी लिहिणारे हात मात्र निरनिराळे.

पहिला हात एडवर्ड मूरचा. मुंबईहून कॅप्टन लिटलची इंग्रजी तुकडी भाऊंच्या फौजेत सामील झाली होती. तिच्यातील हा विशीचा अधिकारी. १७९४ साली त्याने या मोहिमेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. धारवाडचा वेढा सहा महिन्यांहून अधिक चालला. मूर लिहितो, मराठी गोलंदाज तोफ ठासतात, मग बसून गप्पा मारतात, चिलीम ओढतात आणि अर्ध्या तासाने बत्ती देतात. दुपारी जेवणासाठी तर दोन्ही पक्षांची तोफ थंडावते! वाचताना राग येतो. पण फेब्रुवारी १७९१ मध्ये इंग्रजांनी घाईने केलेला हल्लाही फसलाच, हे विसरता येत नाही.

दुसरी लेखणी घरची. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे वेचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. एका शिक्षकाने आयुष्य वेचून केलेले हे काम आपल्या किती घरांत आहे, हे विचारण्याचे धाडस मी करीत नाही. ही पत्रे वाचली म्हणजे मूरला जो आळस दिसला, त्याची दुसरी बाजू उमगते. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. घोडा मेला की त्याचे घर बुडाले. अशी फौज तटावर डोके आपटीत नाही. रसद तोडते आणि वाट पाहते.

या रीतीचे मोल इंग्रजांना लवकरच कळले. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाच्या वेशीपर्यंत पोचला, पण बैल मेले, धान्य संपले आणि वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच्याच हाताने निकामी करून त्याला मागे फिरावे लागले. २६ मे रोजी समोर घोडेस्वार दिसले. टिपूचेच, असे वाटले. ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांचे! मराठ्यांच्या बाजारात काश्मिरी शालींपासून कोकणच्या सुक्या मासळीपर्यंत सर्व काही मिळत होते, असे इंग्रज इतिहासकार विल्क्सने नोंदविले आहे. भाव चढे होते, ही त्यांची तक्रारही खरी.

डिसेंबरात शिमोग्याजवळ गाजनूरच्या रानात, एका अंगाला तुंगा आणि दुसऱ्या अंगाला डोंगर अशा अडचणीच्या जागी लिटलने टिपूच्या सरदाराला पिटाळले. मूर तेथे जखमी झाला. पुढे भाऊ बेदनूरकडे वळले आणि श्रीरंगपट्टणास पोचले, तोवर तहाची बोलणी ठरून गेली होती. इंग्रजांनी याला लूटीचा लोभ म्हटले. मला तो आक्षेप पूर्णपणे खोडून काढता येत नाही.

याचे कारण तिसरी लेखणी. एप्रिल १७९१ मध्ये पटवर्धनी फौजेबरोबरच्या पेंढारी-लमाणांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेची मूर्ती स्थानभ्रष्ट झाली, स्वामींना कार्कळास जावे लागले. या प्रसंगाविषयीचा टिपू आणि मठ यांचा पत्रव्यवहार १९१६ मध्ये उजेडात आला. मागे एका सभेत मी हे सांगितले, तेव्हा एक वयोवृद्ध गृहस्थ उठून गेले. त्यांचे दुःख मी समजू शकतो. पेंढारी सरकारी शिपाई नव्हते, हे खरे. पण ते आपल्याच फौजेच्या आश्रयाने वावरत होते. मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी टिपूने मठास द्रव्य पाठविले. त्याचा हेतू राजकारणाचा असेल. पण ही संधी त्याला दिली कोणी? जगद्गुरूंना साहाय्यासाठी टिपूला पत्र लिहावे लागले, आणि ज्या फौजेच्या आश्रयाने पीठ लुटले गेले तिचे सेनापती गणपतीचे हे मंदिर बांधणारे आमचे भाऊ होते.