वर्गातील न दिसणारे बहिरेपण



हाकेला ओ न देणारे, शुद्धलेखनात शब्द गाळणारे मूल बहुधा मठ्ठ, क्वचित उर्मटही ठरविले जाते. त्याला ऐकूच कमी येत असेल, ही शंका सहसा कोणाला येत नाही.

या बहिरेपणाचे मूळ पुष्कळदा ‘कान फुटण्या’त असते. सर्दी झाली की घशाकडून मध्यकर्णाकडे जाणाऱ्या नळीवाटे जंतू शिरतात, पू साचतो व पडद्याला भोक पडते. मुलांमध्ये ही नळी आखूड व आडवी असते. म्हणून तान्ह्या बाळाला निजवून बाटलीने दूध पाजू नये. लसूण घालून तापविलेले तेल हा घरोघरचा उपाय. पण फुटलेल्या कानात तेलाचा थेंबही जाता कामा नये. काडीचे तर नावच नको. वेळीच उपचार झाल्यास कान कोरडा होतो, शस्त्रक्रियेने पडदाही सांधता येतो.

गोंगाटाने आलेल्या बहिरेपणाला अशी दुरुस्ती नाही. अंतःकर्णातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास सोसवतो. १०० डेसिबलचा अवघी २० मिनिटे. मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे मुले तासन्‌तास नाचतात, तेव्हा हा हिशेब ग्रामपंचायतीने मांडावयास हवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांतून मुलांची तपासणी करतात. पथक येताच शिक्षकांनी अशा मुलाचे नाव प्रथम सांगावे. तोवर त्याला पहिल्या बाकावर बसवावे.