बिनविरोध
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संघाच्या चिटणीसांनी या संमेलनात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. काय बोलावे याचा निश्चय येथे येईपर्यंत काही केल्या होईना. तो आज सकाळच्या सत्कारसमारंभाने करून दिला. ग्रामपंचायतींवर निवडून आलेल्या आपल्या ज्ञातीतील सभासदांना शाल व श्रीफळ देण्यात आले. ज्यांच्या नावापुढे ‘बिनविरोध’ हा शब्द उच्चारला गेला, त्यांच्यासाठी टाळ्यांचा गजर अधिक झाला. आम्हीही टाळ्या वाजविल्या. परंतु वाजविता वाजविता आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली आणि मन अस्वस्थ झाले. ती गोष्ट पुढे सांगूच. ज्यांचा सत्कार झाला त्यांच्याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही, हे आरंभीच सांगून ठेवितो. आमचा प्रश्न त्या एका शब्दाविषयी आहे.

बिनविरोध निवडणूक मुळातच वाईट, असे म्हणण्याइतके आम्ही एकांगी नाही. ज्या गावाने भाऊबंदकीचे तंटे पाहिले, कोर्टकचेऱ्यांपायी जमिनी गमावल्या, त्या गावाने एकत्र बसून पाचसात शहाणी माणसे एकमताने पंचायतीवर धाडली, तर त्यात गावाचा पैसा वाचतो आणि मनेही दुभंगत नाहीत. परंतु एकमत आणि मौन या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. देवळात सभा भरली, कोणी हरकत घेतली नाही, ठराव मंजूर झाला. हरकत न घेणाऱ्यास ठराव पटला होता की बोलण्याची त्याची छाती झाली नव्हती, हे इतिवृत्तात कोठेही लिहिलेले नसते.

या दोहोंत केवढे अंतर असू शकते हे पाहण्यासाठी आपणांस थोडा वेळ बंगालकडे न्यावयाचे आहे. कारण तेथे हा ‘बिनविरोधा’चा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१८ साली पश्चिम बंगालमध्ये त्रिस्तरीय पंचायतींच्या निवडणुका झाल्या. एकंदर जागा ५८,६९२. त्यांपैकी २० हजारांहून अधिक, म्हणजे शेकडा सुमारे ३४ जागांवर मतदान झालेच नाही. तेथे एकच उमेदवार उरला होता, आणि तो जवळजवळ सर्वत्र त्या वेळच्या सत्तारूढ तृणमूल काँग्रेस पक्षाचा होता. बीरभूम जिल्ह्यात तर जिल्हा परिषदेच्या जवळजवळ सर्वच जागांचा निकाल मतदानापूर्वी लागला. आकडे पाहून एखाद्यास वाटावे, केवढा हा एकोपा! परंतु विरोधी पक्षांची तक्रार अशी होती की, अर्ज स्वीकारणाऱ्या कचेऱ्यांबाहेर जमाव उभे होते. अर्ज हिसकावले गेले, उमेदवारांना मारहाण झाली, त्यांच्या घरच्यांना धमकावण्यात आले. सत्तारूढ पक्षाचे उत्तर असे की, विरोधकांना उमेदवारच मिळाले नाहीत.

यांत खरे कोणाचे? त्या निवडणुकीच्या हकीकतीतच याचे बरेचसे उत्तर सापडते. अर्ज देता येत नाहीत अशी ओरड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने ९ एप्रिलच्या रात्री मुदत एक दिवस वाढविली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुदतवाढ मागे घेतली. कलकत्ता उच्च न्यायालयाने ही माघार रद्द ठरविली, तेव्हा २३ एप्रिल हा आणखी एक दिवस मिळाला. त्या दिवशीही हाणामाऱ्या झाल्याच. दक्षिण चोवीस परगण्यातील भांगड येथील काही उमेदवारांस कचेरीत पाऊल ठेवता येईना. त्यांनी आपले अर्ज व्हॉट्सॲपवरून धाडले, आणि ते ग्राह्य धरावेत असा आदेश उच्च न्यायालयाने दिला. पुढे मतदान झाले, तेव्हा त्यांतील काही उमेदवार चक्क निवडून आले. बंधूंनो, ही लहानशी गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. ज्यांना कचेरीची पायरी चढता येत नव्हती, त्यांना मतदारांची मते मात्र होती. वाट मोकळी झाली नसती, तर ह्या जागाही ‘बिनविरोध’ म्हणूनच नोंदल्या गेल्या असत्या.

१४ मे रोजी मतदान झाले. त्या एका दिवशी दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली. बिनविरोध जागांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. न्यायालयाने प्रथम त्या जागांचे निकाल जाहीर करू नयेत असे सांगितले. परंतु २४ ऑगस्ट २०१८ रोजी त्या निवडणुका सरसकट रद्द करण्यास नकार दिला आणि ज्यांची तक्रार असेल त्यांनी निवडणूक-अर्ज करावा, असा मार्ग दाखविला. कायद्याच्या दृष्टीने तो मार्ग योग्यच असेल. आमच्या मनात मात्र एक साधा प्रश्न उरतो. ज्यास उमेदवारीचा अर्ज देण्याचे धैर्य झाले नाही, तो न्यायालयात अर्ज देण्याचे धैर्य कोठून आणील?

हे ऐकून कोणी म्हणेल, हा एका पक्षाचा दोष. तसे असते तर औषध सोपे होते. परंतु बंगालचा इतिहास निराळे सांगतो. १९७२ साली, काँग्रेस विजयी झाली त्या निवडणुकीत, ज्योती बसू बरानगर येथून पराभूत झाले. मतदानात दंडेली व लबाडी झाली असा आरोप करून त्यांच्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने त्या विधानसभेवर बहिष्कार घातला. १९७७ साली हाच पक्ष डाव्या आघाडीचा अग्रणी म्हणून सत्तेवर आला. त्यानंतर २७ जुलै २००० रोजी बीरभूममधील नानूरजवळ सूचपूर येथे ११ भूमिहीन मजुरांची हत्या झाली. ते तृणमूल काँग्रेसचे समर्थक होते. आणि या खुनांसाठी २०१० साली मार्क्सवादी पक्षाच्या ४४ जणांना जन्मठेप झाली. २००३ च्या पंचायत निवडणुकीत शेकडा सुमारे ११ जागा बिनविरोध गेल्या, तेव्हा राज्य डाव्या आघाडीचे होते. २०११ साली सत्तांतर झाले. ज्यांनी मार खाल्ला होता त्यांचे राज्य आले, आणि २०१८ चा आकडा आपण ऐकलाच. पुढे २ मे २०२१ रोजी विधानसभेचे निकाल लागल्यावर विरोधी पक्षाच्या अनेक कार्यकर्त्यांवर हल्ले झाले, कित्येकांना गाव सोडावे लागले. त्या काळातील खून व बलात्कार यांच्या गुन्ह्यांचा तपास उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्याच वर्षी १९ ऑगस्टला सीबीआयकडे दिला. २०२३ च्या पंचायत निवडणुकीत केंद्रीय दले धाडण्याचा आदेश न्यायालयास द्यावा लागला. तरीही माणसे मेली आणि सहाशेंहून अधिक केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. दंडुका तोच राहिला. तो धरणारे हात मात्र बदलत गेले. काल ज्याच्या पाठीवर वळ उठले, तो आज दंडुका मोडून टाकीत नाही, तो उचलून घेतो.

हे असे का होते? आमच्या अल्पमतीप्रमाणे, खेड्यातील माणसाचे पोट ज्या दारावर अवलंबून असते त्याच दारावर त्याचे मतही तोलले जाते, म्हणून. घरकुलाच्या यादीत नाव कोणाचे घालावे, रोजगाराच्या कामावर कोणास घ्यावे, दाखला आज द्यावा की चार खेपा घालावयास लावाव्या, हे सारे ज्यांच्या हाती, त्यांच्याविरुद्ध उभे राहणे म्हणजे नुसत्या मतभेदाचा प्रश्न राहत नाही. तेथे काठी शेवटी येते. त्यापूर्वीच पुष्कळसे काम नजरेने आणि निरोपाने झालेले असते.

आपण महाराष्ट्रातील मंडळी या वर्णनाने सुखावून जाऊ नये. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावच्या ग्रामपंचायत निवडणुका आपल्या राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. तेथे सरपंच व सभासद यांच्या पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे आढळले होते. बोली देवळाच्या कामासाठी होती, हे खरे. परंतु ज्यास बोली बोलता आली नाही आणि तरीही उभे राहावयाचे होते, त्याने काय करावे? गावाच्या देवाविरुद्ध उभा राहणारा म्हणून त्याच्याकडे बोट दाखविले गेले असते. बंगालमध्ये लाठीने जे केले, ते येथे पावतीपुस्तकाने केले.

आता ती जुनी गोष्ट. अठरावीस वर्षांपूर्वी आमच्या गावी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात आपल्या ज्ञातीची घरे अधिक. वडीलधाऱ्या मंडळींनी एक नाव ठरविले. शिवणकाम करणाऱ्या एका गृहस्थाने तरीही आपला अर्ज भरला. त्यास आम्ही सारे अण्णा म्हणत असू. त्याचा पक्षही निराळा होता. अर्ज मागे घेण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चौघे त्याच्या घरी गेलो. होय, त्या चौघांत आम्ही होतो. त्याने मशीन थांबविले, चहा ठेवावयास सांगितला. पावसाच्या, पिकाच्या गोष्टी झाल्या. निघताना आमच्यातील सर्वांत वडील गृहस्थ म्हणाले, “थोरलीचं ठरलं म्हणे? स्थळ आपल्यातलंच आहे. चांगलं आहे. जपा.” याहून अधिक एक शब्दही कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी अण्णाने अर्ज मागे घेतला. आम्ही पेढे वाटले आणि ज्ञातीच्या एकजुटीची बातमी वर्तमानपत्रात छापून आणली. मुलीचे लग्नही यथासांग झाले. आम्ही जेवून आलो.

पुष्कळ वर्षांनी, तो आजारी असताना, आम्ही त्यास भेटावयास गेलो. बोलता बोलता तो म्हणाला, “तुम्ही चौघं काही वाईट बोलला नाहीत हो. म्हणूनच मला उत्तर देता आलं नाही.”

तेव्हापासून हे वाक्य आमचा पाठलाग करीत आहे. आम्ही काठी उचलली नव्हती, म्हणून आम्ही स्वतःस निर्दोष समजत होतो. मग एके दिवशी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा वाचण्यात आला. लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुकांसाठी असलेल्या या कायद्याच्या १२३ व्या कलमात ‘गैरवाजवी दडपण’ म्हणजे काय, हे सांगितले आहे. उमेदवारास, मतदारास किंवा ज्याच्याविषयी त्यांस आस्था आहे अशा कोणासही इजा करण्याची धमकी तेथे दोषास्पद ठरविली आहे. आणि त्या इजेत सामाजिक बहिष्कार व ज्ञातीतून किंवा समाजातून काढून टाकणे यांचा नाव घेऊन समावेश केला आहे. ज्यांनी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर हा कायदा केला, त्यांना आपण पुरते ओळखून होते! ज्ञातीचा धाक हा लाठीइतकाच खरा, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेविले. अण्णाची मुलगी म्हणजे ‘ज्याच्याविषयी आस्था आहे’ असे माणूस. ग्रामपंचायतीस ते कलम लागू नसेल. पाप काही कलम पाहून लागत नाही. आता तर आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

ज्ञातिसंस्था कशासाठी असते? गरीब विद्यार्थ्यास वसतिगृह, विधवेस साहाय्य, परगावी गेलेल्यास ओळखीचे एक घर, यासाठी. एकट्या माणसास आधार देण्यासाठी आपल्या पूर्वसूरींनी ती काढली. त्याच आधाराचा फास करून एकट्या माणसाच्या गळ्यात घालावयाचा असेल, तर बंगालमधील त्या कचेऱ्यांबाहेरील जमावात आणि आपल्यात फरक केवळ आवाजाचा उरतो. शिवाय, ‘आमच्या ज्ञातीची सारी मते अमक्या पक्षास’ असे जाहीर करणारा पुढारी आपल्या गरीब बांधवांस दोहोंकडून उघडे पाडतो. मताची गुप्तता ही दुबळ्याची ढाल आहे. ती आपण वाजतगाजत काढून घेतो. आणि उद्या दुसरा पक्ष विजयी झाला, तर त्याचा राग ज्या घरांवर निघावयाचा, त्यांची यादी आपणच त्याच्या हाती देऊन ठेवितो.

यास्तव संघाच्या कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवितो. पहिली, संघाने किंवा त्याच्या कोणत्याही शाखेने संघाच्या नावाने कोणत्याही निवडणुकीत मतदानाचा आदेश काढू नये. दुसरी, पुढील वर्षापासून या व्यासपीठावर निवडून आलेल्यांबरोबर निवडणूक लढवून पराभूत झालेल्या आपल्या बंधुभगिनींसही बोलवावे. कारण ते उभे राहिले म्हणूनच विजयी झालेल्यांचा विजय खरा ठरला. तिसरी सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या कोणास, मग त्याचा पक्ष आपणांस पसंत असो वा नसो, अर्ज भरावयास जाताना भय वाटत असेल, त्याच्यासोबत ज्ञातीतील चार वडीलधाऱ्यांनी तहसील कचेरीपर्यंत चालत जावे.

चौघे मिळून एखाद्याच्या घरी कसे जावे, हे आम्हांस ठाऊक आहे. एकदा आम्ही चुकीच्या कामासाठी गेलो होतो. अण्णा आता हयात नाही. त्याची क्षमा मागण्याची संधी आम्ही दवडली. परंतु त्याच्यासारखा दुसरा कोणी आपल्यांत आज बसला असेल, तर पुढच्या खेपेस त्याने आम्हांस बोलवावे. वय झाले असले तरी कचेरीच्या पायऱ्या चढण्याइतके पायांत बळ अजून आहे.