शिक्षकांचे मनोधैर्य आणि आपण

(चितेगाव येथील पालक-मेळाव्यात दिलेले भाषण)



मुलांच्या निकालाविषयी आपण नेहमी बोलतो. त्यांना शिकविणाऱ्याच्या मनाविषयी क्वचितच. खचलेल्या मनाने फळा भरता येतो, पण मुलांत शिकण्याची ओढ निर्माण करता येत नाही. म्हणून हा प्रश्न शिक्षकांइतकाच आपल्या मुलांचाही आहे.

मन खचते कशाने? पहिले कारण पोटाचे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा १६,००० रुपये व्हायला २०२३ साल उजाडले. विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांनी अनुदानासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये औरंगाबादला मोर्चा काढला, तेव्हा त्यांच्यावर लाठीमार झाला. दुसरे कारण वर्गाबाहेरच्या कामांचे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकास देता येत नाही. तरीही तक्ते आणि माहिती भरण्यात तास निघून जातात.

या दोन्ही गोष्टी शासनाच्या व संस्थाचालकांच्या हातच्या. तिसरी मात्र आपणा सर्वांच्या हातची आहे, ती म्हणजे कष्टाची जाणीव. ऑक्टोबर १८५६ मध्ये आजारपणामुळे माहेरी गेलेल्या सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्यामागे फातिमावर कामाचा ताण पडत असेल आणि तरी ती तक्रार करणार नाही, ही काळजी त्यात आहे. स्वतः आजारी असताना सहकाऱ्याचा भार ओळखणे, यातच मनोधैर्याचे मूळ आहे.

आपल्यापैकी अनेकजण पैठण रस्त्यावरील कारखान्यांत पाळीने कामाला जातात. सुपरवायझरने चारचौघांत 'काम चांगले झाले' म्हटले, तर तो दिवस कसा जातो हे त्यांना सांगायला नको. शिक्षकही माणूसच आहे. त्याचे चुकले तर शाळेत येऊन जरूर सांगा. मात्र मुलासमोर घरी त्याला नावे ठेवू नका. मुलाची प्रगती दिसली, तर तेही येऊन सांगा. मुख्याध्यापकांनी जादा कामाची वाटणी सर्वांसमोर करावी, ज्येष्ठांनी नव्या शिक्षकाला हाताशी धरावे. आणि मुलांनो, समजले नाही तर विचारा. प्रश्न विचारणारा वर्ग शिक्षकाचा थकवा घालवतो.

उद्या आपल्या घरातील हुशार मुलगी म्हणाली, 'मला शिक्षिका व्हायचे आहे', तर आपण आनंदाने होकार देऊ का? ज्या दिवशी तो होकार बिनदिक्कत येईल, त्या दिवशी शिक्षकाला त्याचा मान मिळाला असे मी समजेन.