जेल उडवण्याआधी माउंट बघा

मागे मधूनमधून लोकलचा आवाज येईल, खडकी स्टेशन खिडकीपासून लांब नाही; चालवून घ्या. आज फ्रीबीएसडीमधल्या जेलबद्दल बोलू. पुण्यात जेल म्हटलं की माणूस थेट येरवड्याला पोचतो, पण कल्पना तशी तीच. आतल्याला त्याची खोली हेच सगळं जग वाटलं पाहिजे.

१९७९ च्या युनिक्समध्ये सीएचरूट होतं, पण आतल्याकडे रूटचे अधिकार असले की त्याला बाहेर पडायची वाट सापडायची. पॉल-हेनिंग कॅम्प यांनी ती वाट बुजवली आणि २००० साली फ्रीबीएसडी ४.० मधून जेल सगळ्यांच्या हाती आलं. डॉकर २०१३ चं, म्हणजे बरंच धाकटं.

जेल उभं करणं सोपं आहे. जेल डॉट कॉन्फ या फाइलीत पाथ, होस्टनेम, आयपी, सुरू करताना काय चालवायचं, थांबवताना काय, एवढं लिहिलं की झालं. माझा घोटाळा झाला तो आवरताना.

आमच्या इथे एक फोटो स्टुडिओवाले काका आहेत. लोकांचे जुने फोटो स्कॅन करून देतात. त्यांचा सर्व्हर मी बघतो. स्कॅन होस्टवर होते, ते एका जेलमध्ये दिसायला हवे होते, म्हणून मी तो फोल्डर नलएफएसनं आत माउंट केला. घाईत, हातानं. कॉन्फमध्ये लिहिलं नाही.

महिन्याभरानं ते जेल नको झालं. जेएलएस मारलं, यादी रिकामी. म्हटलं बंदच आहे, उडवून टाकू. आरएम मायनस आरएफ. काही फाइलींवर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं. ते नेहमीचंच; सिस्टिमच्या काही फाइलींवर एसछजी नावाचा फ्लॅग असतो, तो असला की रूटलाही त्या पुसता येत नाहीत. सीएचफ्लॅग्सनं तो काढला, पुन्हा आरएम. आता एकच तक्रार उरली, स्कॅनच्या फोल्डरवर: 'डिव्हाइस बिझी'. तेव्हा पोटात गोळा आला. माउंट तसंच होतं, आणि आरएम त्यातून आरपार जाऊन होस्टवरचे फोटो पुसून आलं होतं. पहिल्याच फेरीत!

यादी रिकामी का होती? कॉन्फमध्ये पर्सिस्ट लिहिलेलं नसेल, तर आतली शेवटची प्रोसेस मेली की जेल आपोआप नाहीसं होतं. माउंट मात्र कोणी काढत नाही. जेल मायनस आर दिलं तर कॉन्फमध्ये लिहिलेली माउंट निघतात. हातानं केलेली त्याला ठाऊकच नसतात.

तेव्हापासून मी असं करतो. जेल थांबवलं की जेएलएस मायनस डी, म्हणजे मरणपंथाला लागलेली जेलंही दिसतात. मग नुसतं 'माउंट' मारून त्या पाथखाली काय लटकतंय ते बघायचं आणि उमाउंट करायचं. व्हीनेट असेल तर ईपेअरची जोडी होस्टवर परत आलेली असते, तीही काढायची. आरएमला मायनस एक्स द्यायचा, मग ते माउंटची हद्द ओलांडत नाही. जेल झेडएफएसच्या वेगळ्या डेटासेटवर असेल तर आरएमच्या नादी लागूच नका. झेडएफएस डिस्ट्रॉय करा. आत काही माउंट असलं तर ते सहसा 'बिझी' म्हणून अडून बसतं, आणि ते अडणं आपल्या फायद्याचं. आणि जेलला फोटो फक्त वाचायचेच असतील तर माउंट रीड-ओन्ली करा की! मी एवढं केलं असतं तरी फोटो वाचले असते.

झेडएफएसच्या स्नॅपशॉटमधून आदल्या रात्रीपर्यंतचं सगळं परत मिळालं. त्या दिवशीचे ३७ स्कॅन गेले, आणि मूळ फोटो दुपारीच त्या घरी परत दिलेले. काकांसमोर जाऊन सांगावं लागलं. ते रागावले नाहीत, नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन लावला. ३५ फोटो पुन्हा आले. उरलेले दोन तोवर नाशिकला बहिणीकडे कुरियरनं गेले होते.