मागचे चाक



मराठी उद्योगाच्या इतिहासातील एका मोठ्या पर्वाचा आरंभ सायकलच्या दुकानात झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात ते दुकान सुरू केले. पुढे लोखंडी नांगर आला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९४६ साली किर्लोस्करांचा विजेच्या यंत्रांचा उद्योग बंगळूरात सुरू झाला. त्याच्या पत्त्यात मल्लेश्वरम पश्चिम हे नाव असे. सायकल खोलून पुन्हा जोडणाऱ्या हातांचे महत्त्व या परिसराला निराळे सांगावे लागू नये.

तरीही संपिगे रस्त्यावर चाक पंक्चर झाले की आजची अनेक मुले सायकल हाताने ढकलत घरी नेतात. पुढचे चाक त्यांना काढता-घालता येते. मागच्याची भीती वाटते, कारण त्याला चेन जोडलेली असते. ही भीती अर्ध्या तासात जाऊ शकते.

साधी, बिनगिअरची सायकल घेऊ. चाक काढतानाच नट, वॉशर, स्टँड, कॅरिअर आणि मडगार्डच्या पट्ट्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडाव्यात. बसवताना उलट क्रम धरला की काही उरत नाही. चाक मागून खाचांत घालून पुढे सरकवावे, चेन फ्रीव्हीलच्या दातांवर चढवावी आणि मग चाक मागे ओढावे. गिअरच्या सायकलीत चेन सर्वांत लहान दातेचक्रावर ठेवली की काम सोपे होते.

आता चेनचा ताण पाहावा. मध्यावर बोटाने उचलून-दाबून पाहिली असता ती साधारण अर्धा इंच हलावी. पायडल सावकाश फिरवत हे तपासावे, कारण चेन सर्वत्र सारखी ताणलेली नसते. जिथे ती सर्वांत घट्ट होते, तिथेही थोडी ढिलाई हवी. फार ताणली तर बेअरिंग झिजते, फार सैल राहिली तर भर रस्त्यात उतरते.

ताण जमला की उजवा नट बेताचा आवळावा आणि डाव्या बाजूने चाक मधोमध आणावे. चिमट्याच्या दोन्ही नळ्यांपासून रिम सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. त्यानंतर दोन्ही नट थोडेथोडे, आळीपाळीने आवळावेत. एकच नट एका दमात आवळला तर आस त्याच्याबरोबर वळते आणि जुळवलेले चाक पुन्हा तिरके होते. पुष्कळांची समजूत असते की घट्ट आवळले म्हणजे चाक सरळ बसते. वास्तविक आवळण्यापूर्वी जे सरळ होते, तेच आवळल्यानंतर सरळ राहते.

ही केवळ नीटनेटकेपणाची गोष्ट नव्हे. नट सैल राहिला आणि मुलाने जोराने पायडल मारले, तर चेन आसेची उजवी बाजू पुढे खेचते, टायर डाव्या नळीला घासतो आणि चाक अकस्मात अडकू शकते. मार्गोसा रस्त्याच्या वर्दळीत त्याचा अर्थ काय होतो, हे कोणत्याही आईवडिलांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून शेवटी चाक उचलून फिरवून पाहावे, ब्रेकचे रबर दोन्ही बाजूंना सारखे टेकते का ते तपासावे आणि सायकलवर बसण्यापूर्वी ती हाताने चालवत ब्रेक दाबून पाहावा.

पालकांचे एक वाक्य मात्र या शिक्षणाच्या आड येते: ‘राहू दे, हात काळे होतील.’ दुकानात चाक दहा मिनिटांत बसते, हे खरे. परंतु जे मूल स्वतः चाक बसवते, ते प्रत्येक वेळी सायकल काढताना नटाकडे एकदा पाहते. ती नजर दुकानातून आणता येत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या हाताला पाना ठाऊक आहे, त्यांनी एखाद्या रविवारी शेजारच्या मुलाला शेजारी बसवून घ्यावे, चाक काढावे आणि बसवण्याचे काम त्याच्यावर सोपवावे. पहिल्यांदा ते तिरके बसेल. नट सैल करून त्याला पुन्हा बसवू द्यावे.

हातांचे काळेपण साबणाने जाते. हाती आलेली विद्या मात्र राहते.